सीतेची आसवं: एका रानफुलाचं नाव

नमस्कार मंडळी, आज एका रानफुलाच्या नावाबद्दल बोलूया, सीतेची आसवं. साताऱ्याजवळच्या कास पठाराचे फोटो तुम्ही बघितलेच असतील, पावसाळा सरत आला की तिथं जो निळा-जांभळा रंग पसरतो ना, त्यात या फुलांचा वाटा मोठा असतो.

वनवासातल्या सीतेच्या डोळ्यांतून जमिनीवर पडलेले थेंब म्हणजे ही फुलं, अशी या नावामागची समजूत. जात्यावरच्या ओव्यांमध्ये आपल्याकडच्या बायकांनी सीतेचा वनवास पिढ्यान् पिढ्या गायलाय, स्वतःचं दुःख तिच्या नावानं मोकळं केलंय, त्यामुळे मला तरी हे नाव अशाच कुणा बाईच्या तोंडून आलं असावं असं वाटतं.

आणि नजर तरी किती बारीक! एकटं फूल जवळून बघा, केसासारखा बारीक दांडा, त्यावर इवलंसं निळसर फूल आणि त्याच्या घशाशी पांढरा ठिपका. उगवतं पण कुठं, तर कातळावर जिथं पाणी साचून झिरपत राहतं तिथंच, ओल संपली की फुलंही संपली.

आता शास्त्रीय नाव घ्या, युट्रिक्युलॅरिया. लॅटिनमधे युट्रिक्युलस म्हणजे छोटी कातडी पिशवी, आणि ती पिशवी असते खाली चिखलात. या झाडाला खरी मुळंच नसतात, असतात त्या अगदी बारीक पिशव्या. जांभ्या दगडावरची माती पातळ, त्यात पावसानं सगळा कस वाहून गेलेला, मग नायट्रोजन मिळवायला हे झाड चक्क शिकार करतं. पिशवीतलं पाणी आधीच बाहेर टाकून ठेवलेलं असतं, तोंडाशी झाकण आणि त्यावर केस, पाण्यातला एखादा बारीक जीव केसाला लागला की झाकण उघडून पाण्यासकट तो आत ओढला जातो, सेकंदाच्या काही हजाराव्या भागात! पापणी लवायच्या आत खेळ खलास.

म्हणजे ज्यांनी फूल बघितलं त्यांनी आसवं म्हटलं, ज्यांनी माती उकरली त्यांनी पिशवी म्हटलं. मला दोन्ही नावं आवडतात, पोरांना सांगताना दोन्ही सांगा, नुसतं कीटकभक्षी म्हणून सोडू नका.

आणि एक कळकळीची विनंती. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, गर्दीही तशीच होते. सेल्फीसाठी फुलांत बसू नका, त्या पिशव्या अगदी वरच्या चिखलात असतात, पाय पडला की चिरडतात. वाटेवरूनच खाली वाकून बघा, पांढरा ठिपका तिथूनही छान दिसतो.