बोटीच्या इंजिनाचा एक्झॉस्ट गळतोय का? इंजिन थंड असतानाच तपासा

नमस्कार मंडळी. गाडीचा एक्झॉस्ट गळला तर आवाज वाढतो आणि आपण गॅरेज गाठतो. बोटीत इंजिन बंद कप्प्यात असतं. गळलेला धूर तिथेच साठतो आणि हळूहळू केबिनमध्ये शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखलं, मळमळलं की माणसाला वाटतं बोट लागली. तो केबिनमध्ये जाऊन आडवा होतो आणि तिथेच घात होतो.

म्हणून झाकण उघडून, कप्प्यात हवा खेळती ठेवून, इंजिन थंड असताना सुरू करा आणि कान द्या. हेडर, म्हणजे सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड, जिथे सिलिंडर हेडला बसतो, तिथून टिक्-टिक् असा आवाज येतोय? पाच-दहा मिनिटांनी तो थांबला तर निश्चिंत होऊ नका. धातू तापून फुगला, फट तात्पुरती मिटली, एवढंच. आता इंजिन बंद करा, गार होऊ द्या आणि टॉर्च घेऊन सांधा बघा. हे बघा, या बोल्टच्या बाजूने काळी रेघ निघालीये आणि पुढे पंख्यासारखी पसरलीये. ही काजळी, म्हणजे इथून धूर जातोय. तांबूस ओघळ किंवा मिठाचा पांढरा थर दिसला, तर एक्झॉस्ट थंड करणारं पाणी झिरपतंय.

मला जास्त भीती पाण्याच्या गळतीची वाटते, कारण ती आतल्या आतही होते. रायझर (मॅनिफोल्डवरचा धूर वर नेणारा भाग) आणि मॅनिफोल्डमधलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पातळ चकती, गेलं की इंजिन बंद असताना पाणी आत ठिबकतं आणि उघड्या राहिलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारला की इंजिन धाडकन अडकतं आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजिन अडलं, किंवा डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं, तर पुन्हा स्टार्टर मारूच नका. आधी स्पार्क प्लग काढा, डिझेल असेल तर इंजेक्टर, आणि मगच इंजिन हाताने फिरवून बघा.

बिडाचा मॅनिफोल्ड खाऱ्या पाण्याने थंड होत असेल, तर तो आतून गंजतो. बाहेरचा रंग चकचकीत आहे म्हणून फसू नका. फेरी झाली की गोड्या पाण्याने फ्लश करा आणि ठरावीक काळाने रायझर उघडून आतली जाडी बघाच.

गॅस्केट बदलताना जुनं पुन्हा वापरू नका. दोन्ही पृष्ठभाग खरवडून साफ करा, सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सपाट आहेत का ते तपासा. बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळा. फटीवर सीलंट थापणं ही दुरुस्ती नव्हे.

गॅस्केट वारंवार जातंय? मग दोष बहुतेक वेळा गॅस्केटचा नसतो. पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) झिजून पाणी कमी येत असेल, तर हेडर तापून फ्लँज (त्याची बोल्टने बसणारी सपाट कड) वाकतो. किंवा एक्झॉस्ट पाइपला आधार नसेल, तर त्याचं सगळं वजन आणि थरथर त्याच सांध्यावर येते. या दोन गोष्टी आधी तपासा.

आणि केबिनमध्ये बोटीसाठीचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आजच लावा. बसवला असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून बघा आणि मुदत संपली नाही ना, तेही वाचा.