कंपनी वेगळी, कंटेंट सेम

मंडळी, सांगितल्याप्रमाणे बहुतेकांनी बीपीची गोळी पट्टीसकट आणलेली दिसते. आता चष्मे लावा आणि पट्टी उलटी करा. रंगीत ठळक नाव सोडा, त्याच्या शेजारचं नाव वाचा. टेल्मिसार्टन कुणाकडे आहे? बरेच हात. अॅम्लोडिपिन? तेही बरेच.

‘आम्ही कंपनीचीच गोळी घेतो, जेनेरिक नाही’ असं म्हणणाऱ्यांना थोडं नाराज करतो. जेनेरिक म्हणजे शोधणाऱ्या कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेलं तेच औषध. अॅम्लोडिपिन शोधलं फायझरनं आणि टेल्मिसार्टन जर्मनीच्या बोरिंगर इंगेलहाइमनं. तुमच्या हातातली पट्टी बहुधा या दोघांपैकी कुणाचीच नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला होतं. २००५ पर्यंत असंच चाललं. त्यामुळे एकाच औषधाची आपल्याकडे डझनावारी बारशी झाली. तुमची ती भारी गोळी म्हणजे नाव ठेवलेलं जेनेरिक. जनऔषधी दुकानातली म्हणजे बिननावाचं जेनेरिक. तिथे अॅम्लोडिपिन ५ च्या दहा गोळ्या दहा रुपयांच्या आत मिळतात.

मग हमखास येणारी शंका: जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालतं म्हणे, नियमच ८० ते १२५ टक्क्यांचा आहे! आकडे खरे आहेत, अर्थ चुकीचा आहे. गोळीत औषध किती भरायचं, याची ती सूट नव्हे. रक्तात औषध किती पोहोचतं, याची मूळ गोळीशी तुलना करतात आणि त्या सरासरीतली अनिश्चितता धरूनही निकाल या चौकटीत बसावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९६ ते २००७ मधल्या दोन हजारांवर चाचण्या तपासल्या, तेव्हा सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. आपल्याकडे खराब बॅच निघतच नाहीत असं मी म्हणणार नाही. निघतात, पण नामांकित ब्रँडच्याही निघतात.

खरी गडबड वेगळीकडे होते. माझ्या आत्याचं सांगतो. ती घ्यायची एस-अॅम्लोडिपिन २.५. गावाला गेली, गोळ्या संपल्या, दुकानदार म्हणाला, ‘कंपनी वेगळी आहे, कंटेंट सेम.’ आणि साधी अॅम्लोडिपिन २.५ दिली. तीन आठवड्यांनी १३० चं वरचं बीपी १५० च्या पुढे. आत्यानं निकाल दिला, जेनेरिक कुचकामी! अहो, त्या एका ‘एस’ अक्षरात सगळी मेख होती. साध्या अॅम्लोडिपिनमध्ये दोन जुळे रेणू निम्मे-निम्मे असतात, बीपी उतरवतो तो त्यातला एकच. एस-मध्ये फक्त तोच असतो. म्हणून एस-२.५ म्हणजे साधी ५. आत्याचा डोस चक्क अर्धा झाला होता.

मेटोप्रोलॉल या बीपीच्या आणखी एका औषधाचंही तसंच. सक्सिनेट आणि टार्ट्रेट हे वेगवेगळे क्षार, पुढे एक्सएल किंवा ईआर असलं तर औषध दिवसभर हळूहळू सुटणारं. ती अक्षरं जुळल्याशिवाय पट्टी बदलू नका.

आणि दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची पट्टी द्यायला नकार दिला, तर त्याच्यावर लगेच चिडू नका. चिठ्ठीत ब्रँड लिहिलेला असेल तर दुसरी पट्टी द्यायची त्याला कायद्यानं मुभाच नाही, कंटेंट सेम असला तरी. म्हणून डॉक्टरांनाच विचारायचं, ‘औषधाचं मूळ नाव लिहाल का?’ ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांवर तसं बंधन आलं होतं, ते त्याच महिन्यात स्थगित झालं. आता तुमचं तुम्हालाच विचारावं लागणार.

पट्टी बदलली की दुसऱ्या दिवशी बीपी मोजून घाबरू नका. अॅम्लोडिपिन रक्तात स्थिरावायला आठवडा जातो. आठवड्यानंतर चार-पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा.

मागून एका काकूंनी विचारलंय: सोम-मंगळ लिहिलेल्या डब्यात गोळ्या काढून ठेवल्या तर चालतं का? काकू, अॅम्लोडिपिन चालेल. टेल्मिसार्टन नको. ती हवेतला ओलावा शोषते, म्हणून तर तिची पट्टी दोन्ही बाजूंनी जाड अॅल्युमिनियमची असते. ब्रँडची असो नाहीतर जनऔषधीची, आपल्या पावसाळ्यात उघडी राहिली की मऊ पडते. कात्रीनं पट्टीचे तुकडे करा आणि गोळी कप्प्यातच ठेवून तो तुकडा डब्यात टाका.