रवंथ आणि खूर

श्रोतेहो, नमस्कार.

रवंथ करणारी गाय तुम्ही पाहिलीच असेल. गिळलेला घास वर आणायचा आणि सावकाश पुन्हा चघळायचा. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात दोन हजार वर्षांपूर्वी फिलो नावाचा यहुदी विचारवंत होता. त्याला या रवंथात शिक्षण दिसलं. शिकलेलं आठवणीतून वर काढून घोळवलं, तरच ते अंगी लागतं.

यहुद्यांना धर्मनियम देणाऱ्या मोशेचा नियम असा, की रवंथ करणारं आणि दुभंगलेल्या खुरांचंच जनावर खावं. ग्रीक तत्त्वज्ञान मुरलेल्या माणसाला प्रश्न पडणारच, देवाला खुरांशी काय करायचंय? फिलो म्हणतो, दुभंगलेलं खूर म्हणजे विवेक, बऱ्यावाइटाची फोड. ग्रीक पंडित महाकवी होमरच्या भांडखोर देवांचे असेच गूढार्थ लावत. तीच हत्यारं फिलोने तोराहवर, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथावर, चालवली.

तोराह तो वाचायचा ग्रीक भाषांतरातून. त्या भाषांतराचा अलेक्झांड्रियासमोरच्या फारोस बेटावर दरवर्षी उत्सव भरे. यहुदी आणि इतरही लोक समुद्र ओलांडून जात, प्रार्थना करत, वाळूत पंगती मांडत. भाषांतराची जत्रा! मला तर हेवाच वाटतो.

पण अर्थ कळला, मग नियम कशाला पाळायचा? असं म्हणणारेही होते. फिलो त्यांच्यावर चिडतो. शरीर हे आत्म्याचं घर, म्हणून आपण ते जपतो ना? तसाच शब्दही जपायचा. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस. त्याचा गूढार्थ उमगला, म्हणून काही त्या दिवशी चूल पेटवायला मोकळीक मिळत नाही. आपल्या कोकणातल्या यहुद्यांचा, बेने इस्रायलींचा, घाणा शनिवारी बंद असे, म्हणून तर त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

इ.स. 38 मध्ये अलेक्झांड्रियात यहुद्यांची घरं लुटली गेली, माणसं मारली गेली. दाद मागायला फिलो शिष्टमंडळ घेऊन रोमला गेला. सम्राट कॅलिगुला आपल्या बागेतले वाडे बघत फिरत होता, हे त्याच्या मागे मागे. मध्येच त्याने विचारलं, “तुम्ही डुक्कर का खात नाही?” विरोधात आलेल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रीकांत हशा पिकला.

डुकराचं खूर दुभंगलेलं, पण ते रवंथ करत नाही. पण खुरांचा आणि रवंथाचा अर्थ सांगायची ही जागा नव्हती. शिष्टमंडळ एवढंच म्हणालं, ज्याच्या त्याच्या चालीरीती. कुणीतरी जोड दिली, पुष्कळ लोक कोकराचं मांसही खात नाहीत. सम्राट हसला. बरोबरच आहे, म्हणाला, त्याला चव नसते. मग त्याने यहुद्यांच्या हक्कांचं विचारलं, पण उत्तर अर्ध्यावर तोडून तो मोठ्या दालनात शिरला आणि खिडक्यांना पारदर्शक दगड बसवायचा हुकूम देऊ लागला.