देवनागरी नाव पत्र्यावर कापताना

(सांगलीत फॅब्रिकेशन आणि साइनबोर्डच्या कारागिरांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत आज प्लाझ्मा, लेसर, राउटर अशी कापायची सगळी मशीनं आहेत. काम अडतं ते फाइलपाशी. म्हणून आज मशीनवर कमी आणि फाइलवर जास्त बोलतो.

गेटवर बसवायचं एक नाव घेऊ, 'सांगली'. तीन मिलिमीटरचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पत्रा, प्लाझ्मा कटिंग. कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नाव टाइप केलं, कर्व्हमध्ये म्हणजे नुसत्या रेषांमध्ये बदललं. पडद्यावर अक्षरं सलग, भरीव दिसतात. आता वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंग काढून नुसत्या कडा दिसतात तिथे, बघा. स वेगळा, काना वेगळा, ग वेगळा, आणि प्रत्येकाची शिरोरेषा शेजारच्यात घुसलेली. टॉर्च, म्हणजे मशीनचं कापणारं तोंड, यातली प्रत्येक रेषा इमानेइतबारे कापते आणि अक्षरं सुटी होऊन खाली पडतात. म्हणून आधी कोरलमध्येच वेल्ड करायचं, म्हणजे एकमेकांत घुसलेले आकार जोडून सगळ्यांची मिळून एकच बाहेरची कड करायची. इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच युनियन म्हणतात. छापील इंग्रजी अक्षरं मुळात सुटी असल्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. बाहेरचे व्हिडिओ बघून शिकलेल्या पोरांच्या हे लक्षात येत नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

एकदा वेल्ड झालं की आपल्या लिपीसारखं सुख नाही. शिरोरेषा अख्ख्या नावाला धरून ठेवते, नाव एका तुकड्यात हातात येतं. फक्त 'सां'वरचा अनुस्वार अधांतरी राहतो. त्याला शिरोरेषेपर्यंत बारीक पूल द्या, नाहीतर मागे पट्टी लावून वेल्डिंगचा डाग मारा. पण तो गळू देऊ नका. माणूस आपलं नाव वर्षानुवर्षं दारावर वाचणार असतो.

आता जी-कोड, म्हणजे मशीननं कुठून कुठे जायचं ते ओळीओळीनं सांगणारी फाइल. कोरलमधली वळणं बेझियर कर्व्हची असतात. पिएर बेझियर हा रेनो मोटार कंपनीतला इंजिनिअर. १९६०च्या दशकात गाडीच्या बॉडीचे आकार गणितात बसवण्यासाठी त्यानं ही पद्धत वापरात आणली. आपल्याकडच्या मशीन चालवणाऱ्या बहुतेक कंट्रोलरना मात्र जी१ म्हणजे सरळ रेषा आणि जी२, जी३ म्हणजे वर्तुळाचे कंस एवढंच कळतं. त्यामुळे चित्रावरून जी-कोड बनवणारं कॅम सॉफ्टवेअर वळणाचे तुकडे पाडतं. टॉलरन्स, म्हणजे मूळ वळणापासून किती फरक चालेल ते माप, ढिला ठेवला तर 'ग'च्या गाठीला पैलू पडतात. उगाच फार बारीक ठेवला तर हजारो ओळींची फाइल होते, मशीन अडखळत चालतं आणि कडा खराब होते. फोटो ट्रेस करून आणलेल्या फाइलीत तर नको तितके नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, असतात. ते आधी कमी करा.

रेषेला जाडी नसते, कापाला असते. प्लाझ्माचा काप दीड मिलिमीटरच्या आसपास धरला, तर त्याच्या निम्मं ऑफसेट द्यायचं, म्हणजे कापायची वाट तेवढी सरकवायची, बाहेरच्या कडेला बाहेर आणि 'स'च्या पोटात आत. पोट आधी कापायचं, बाहेरची कड शेवटी. कारण कड सुटली की तुकडा हलतो. भोक पाडायची जागा नेहमी भंगाराच्या बाजूला, तिथून लीड-इन, म्हणजे छोटी सुरुवातीची वाट, घेऊन रेषेवर यायचं.

माप मात्र दोनदा तपासा. ७२ डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात ७२ ठिपक्यांच्या, हिशेबानं केलेली एसव्हीजी ही चित्राची फाइल ९६नं वाचली गेली, तर ३०० मिलिमीटरचं नाव २२५चं होतं. जी-कोडच्या सुरुवातीला जी२१ असेल तर मिलिमीटर, जी२० असेल तर इंच. नोटपॅडमध्ये फाइल उघडून एवढं बघा, मग टॉर्च बंद ठेवून पत्र्यावरून एक कोरी फेरी मारा आणि पहिल्या-शेवटच्या टोकाला टेप लावून अंतर मोजा.