होरेझू : एका थाळीत दोघांचे हात

रोमानियाच्या दक्षिणेला, ओल्तेनिया प्रांतात, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी होरेझू वसलं आहे. डोंगरातून उतरणारी लुंकाव्हत्स नदी, उतारावर आलुबुखारच्या बागा आणि सहा हजारांच्या आसपास वस्ती. एवढ्याशा गावाच्या वाट्याला युनेस्कोच्या दोन नोंदी आल्या आहेत. १९९३ मध्ये इथल्या मठाची झाली आणि २०१२ मध्ये इथल्या कुंभारकामाची.

आधी मठ पाहू. वलाकियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियाचा, राजा कॉन्स्टंटिन ब्रिन्कोव्यानू यानं १६९० मध्ये तो बांधायला घेतला. कोरीव दगडी खांब, मोकळ्या पडव्या, पांढऱ्याशुभ्र भिंती. मुख्य चर्चच्या भिंतीवर राजाचं अख्खं कुटुंब रंगवलेलं आहे : राणी मारिका, चार मुलगे, सात मुली. या चित्रापुढे पाय अडखळतातच, कारण १५ ऑगस्ट १७१४ रोजी इस्तंबूलमध्ये ऑटोमन सुलतानाच्या हुकुमावरून राजाचा आणि त्याच्या चारही मुलांचा शिरच्छेद झाला. राजानं स्वतःसाठी इथं थडगं तयार करून ठेवलं होतं. ते रिकामंच राहिलं. पुढे राणीनं त्याचे अवशेष मायदेशी आणले, पण ते बुखारेस्टच्या एका चर्चमध्ये पुरले गेले.

पर्यटकांच्या बस मठापाशी थांबतात आणि बरेचदा तिथूनच परततात. आपण मात्र ओलारी या कुंभारवाड्यात जाऊ. होरेझूचा खरा जीव इथं आहे.

माती जवळच्याच टेकड्यांतली. ती खणून आणायची, खडे वेचायचे, पाणी घालून तुडवायची, मळायची. हे काम परंपरेनं पुरुषांचं. मग चाक फिरू लागतं आणि ओल्या गोळ्यातून थाळी उघडत जाते. बोटांचा दाब जरा कमीजास्त झाला की काठ बसलाच. तोच गोळा पुन्हा मळायचा.

थाळी जरा सुकून घट्ट झाली की ती बाईच्या हाती येते. आता नीट बघा. तिच्या हातात बैलाचं पोकळ शिंग आहे आणि त्याच्या टोकाला पिसाची बारीक नळी. शिंगात पातळ केलेली रंगीत माती भरलेली असते. थाळी हळूहळू फिरते आणि नळीतून रंगाची धार उतरते : तपकिरी, तांबडी, हिरवी, निळी, आणि होरेझूची म्हणून ओळखली जाणारी हस्तिदंती. रंग ओला आहे तोवरच ती तारेच्या टोकाची काडी उचलते आणि अलगद ओढते. एक रंग दुसऱ्यात शिरतो, रेघांचं जाळं तयार होतं. खोडायची सोय नाही. हात थरथरला तर तो कायमचा थाळीवर राहतो.

नक्षीत सूर्य असतो, सर्पिल असतं, गव्हाची ओंबी, जीवनवृक्ष, मोरपिसारा. मानाचं स्थान मात्र कोंबड्याचं. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरणारी कुंभारांची जत्राही त्याच्याच नावानं ओळखली जाते. वाळलेली थाळी लाकडाच्या भट्टीत जाते, मग झिलई चढते आणि ती पुन्हा भट्टीत जाते. हे रंग झळाळतात ते या दुसऱ्या भाजणीनंतर.

हे शिकवतं कोण? घरच. कार्यशाळेत आई-बापांच्या शेजारी बसून मुलं शिकतात. तरीही थाळीचं कौतुक होतं तेव्हा बहुतेक वेळा चाकावरच्या माणसाचंच नाव घेतलं जातं. हे मला पटत नाही. होरेझूची थाळी लांबून ओळखू येते ती नक्षीवरून, आणि ती नक्षी बाईची आहे.

तुम्ही कधी या रस्त्यानं गेलात, तर थाळी कुंभाराच्या घरातूनच घ्या. पैसे देण्याआधी एवढं विचारा : ही रंगवली कुणी? बहुधा ती तिथंच, आतल्या खोलीत, शिंग हातात धरून बसलेली असेल.