मत मागण्याची सवय

श्रोतेहो, नमस्कार.

इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, हे आपल्या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या मूळच्या मँचेस्टर शहरात मी सध्या शिकते आहे. परदेशातल्या शिक्षणावर बोलायचे म्हटले की शिष्यवृत्ती, व्हिसा, घरभाडे हे विषय ओघाने येतात आणि त्यांची माहिती आता सहज मिळते. मला आज वेगळ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. मत देण्याची, मत मागण्याची आणि हरल्यावर पुन्हा त्याच माणसांबरोबर काम करण्याची सवय विद्यार्थ्याला कुठे लागते, हा प्रश्न तिकडे गेल्यापासून माझी पाठ सोडत नाही.

७ मे २०२४ रोजी कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेसाठी मतदान झाले. आपल्याकडे सकाळी सात वाजता केंद्रे उघडली, तेव्हा मँचेस्टरमध्ये रात्रीचे अडीच वाजले होते. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला २०१० च्या कायदादुरुस्तीमुळे मतदार म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी नमुना ६ अ भरावा लागतो आणि पासपोर्टवरच्या पत्त्यानुसार मतदारसंघ ठरतो. मात्र मत द्यायचे तर मूळ पासपोर्ट घेऊन त्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. त्यामुळे त्या निवडणुकीत देशभर सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद असूनही प्रत्यक्ष मतदान करणारे तीन हजारांच्या आत राहिले आणि त्यांतले बहुतेक केरळचे होते. परीक्षेच्या दिवसांत विमानाचे तिकीट काढून येणे मला शक्य नव्हते.

त्यानंतर दोन महिने पुरे होण्याच्या आत, ४ जुलैला, ब्रिटनच्या संसदेची निवडणूक झाली आणि तिथे मी मत दिले. भारतासारख्या राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहत असतील, तर त्यांना तिथल्या संसदेसाठी मतदान करता येते; विद्यार्थीही त्यात येतात. ओळख म्हणून माझा भारतीय पासपोर्ट चालला. कागदी मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारायची असते, बोटाला शाई लावत नाहीत. ज्या देशात मी मोजकी वर्षे राहणार, तिथल्या सरकारबद्दल माझे मत मोजले गेले; आणि जिथे माझे आईवडील ऊस लावतात, संस्थेला दूध घालतात, पावसाळ्यात पंचगंगेच्या पाण्याकडे डोळे लावून बसतात, तिथले मोजले गेले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले. निवडणूक आयोगाने २०२० मध्ये परदेशस्थ मतदारांना इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिका देण्याचा प्रस्ताव सरकारपुढे मांडला होता. मताची गुप्तता सांभाळून तो मार्ग खुला व्हावा, असे मला मनापासून वाटते.

परंतु संसदेच्या मताआधी तिकडे मला जे मत मिळाले, ते माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. ब्रिटनमध्ये १९९४ च्या शिक्षण कायद्याने विद्यार्थी संघाच्या प्रमुख पदांसाठी गुप्त मतदान बंधनकारक केले आहे. निवडून आलेले पदाधिकारी वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून, पगार घेऊन पूर्णवेळ काम करतात आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही उमेदवार होता येते. निवडणुकीच्या आठवड्यात उमेदवार ग्रंथालयाच्या दारात उभे राहून रात्रीच्या बसविषयी, वसतिगृहाच्या भाड्याविषयी, समुपदेशनासाठी लागणाऱ्या रांगेविषयी बोलत होते. भाडे कमी करण्याचा अधिकार संघाला आहे का, असे मी एका उमेदवार मुलीला विचारले. अधिकार नाही, पण जिथे भाडे ठरते त्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणारे कोणीतरी असले पाहिजे, असे तिने सरळ सांगितले. मी जाण्याआधी, करोनाच्या काळात, २०२० च्या हिवाळ्यात मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी भाडे न भरण्याचे आंदोलन केले होते आणि विद्यापीठाने पहिल्या सत्राच्या भाड्यात ३० टक्के सूट दिली होती. वीस वर्षांची मुले हिशेब मांडून, वाटाघाटी करून एवढे पदरात पाडून घेऊ शकतात, हे ऐकून माझा विचार आपल्या महाविद्यालयांकडे वळला.

आपला जिल्हा निवडणुकीला कधीच मागे हटत नाही. गावच्या दूध संस्थेपासून गोकुळ या जिल्हा दूध संघापर्यंत, विकास सोसायटीपासून साखर कारखान्यापर्यंत, ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत पॅनेल उभी राहतात, चिन्हे घरोघर पोहोचतात आणि निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो. कागलला तर राजकारणाचे विद्यापीठच म्हणतात. २०२४ च्या विधानसभेला करवीर मतदारसंघात ८४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि ते राज्यात सर्वाधिक होते. अशा जिल्ह्यात मी पदवीची सगळी वर्षे काढली आणि बाहेर पडेपर्यंत महाविद्यालयात एकदाही मतपेटी पाहिली नाही.

यामागे कारण आहे आणि ते हलके नाही. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबवून गुणवत्तेच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला विद्यार्थी प्रतिनिधी झाला तर त्यात गैर काही नाही. पण त्याने कोणाकडे मत मागितलेले नसते, म्हणून त्याला जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, असे कोणाला वाटतही नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या, २०१९ मध्ये त्या घेण्याचे ठरले आणि विधानसभेच्या तोंडावर पुढे ढकलल्या गेल्या.

निवडणूक आली की आमदारांचे गट महाविद्यालयात शिरतील, पैसा येईल, मारामाऱ्या होतील, मुलींना त्रास होईल, ही पालकांची भीती मी समजू शकते. माझ्या आईलाही तीच भीती वाटते. पण गट आजही दाराबाहेर उभे आहेतच. वाढदिवसाच्या डिजिटल फलकावर नेत्याच्या फोटोखाली ओळीने विद्यार्थ्यांचे चेहरे असतात आणि मिरवणुकीला मोटारसायकली त्यांच्याच लागतात. त्या रांगेत मुलाला कार्यकर्ता होता येते, उमेदवार होता येत नाही. मुलीला तर तिथे जागाच नसते. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्वीकारल्या. त्यांत प्रत्येक उमेदवाराला ५ हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील फलकांना बंदी आणि ७५ टक्के हजेरीची अट आहे. हे नियम कसोशीने पाळले, तर पैशाला आणि दांडगाईला बराच आळा बसेल.

मँचेस्टरमध्ये आम्ही मराठी विद्यार्थी एकत्र जेवायला बसलो की बोलणे मुंबई-दिल्लीच्या सत्तेवर जाते. दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी कशा झाल्या, हे तिथल्या वर्गमित्रांना समजावून सांगण्यात आमची संध्याकाळ जाते. आपल्या गावच्या शाळेत किती शिक्षक आहेत, हे मात्र त्या बैठकीत कोणी विचारत नाही आणि याची मला खंत आहे. दूर गेले की मोठ्या नावांचे राजकारण तेवढे उरते. तसे होऊ नये, याचा दाखला आपल्याच शहरात आहे. करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा आदेश निघाला, तेव्हा शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडमध्ये होते. तिथे असताना त्यांचे लक्ष कोल्हापूरच्या कचेऱ्यांत कोण बसते आणि कोणाला दाराबाहेर ठेवले जाते, यावर होते.

म्हणून माझी विनंती प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना आहे. विद्यार्थी परिषदेची निवडणूक सरकार आणि विद्यापीठ ठरवतील तेव्हा होईल. पण वसतिगृहाच्या मेसची समिती, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे याचा निर्णय, राधानगरी-गारगोटीकडून येणाऱ्या मुलींसाठी एसटीच्या वेळा बदलून घ्यायला आगारात कोणी जायचे, एवढ्या कामांसाठी प्रतिनिधी निवडायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. येत्या जूनमध्ये प्रवेश पूर्ण झाले की वर्गात एक पेटी ठेवा, उमेदवारांना पाच-पाच मिनिटे बोलू द्या आणि मतमोजणी सगळ्यांसमोर करा.

नमस्कार.