तहाची बोलणी आणि मतदानाची तारीख

नमस्कार श्रोते हो.

युद्ध चालू आहे, तहाची बोलणी चालू आहेत आणि दारात निवडणूक येऊन ठेपली आहे. असा योग कोणत्याही सरकारला सुखाचा नसतो. आज मी १९६८ सालाबद्दल बोलणार आहे. युद्ध व्हिएतनामचं, जिथे अमेरिका दक्षिणेच्या बाजूने उत्तरेतल्या कम्युनिस्टांशी लढत होती; बोलणी पॅरिसमध्ये, आणि निवडणूक अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची. आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागते आणि रस्त्याचं भूमिपूजनसुद्धा थांबतं. अमेरिकेत तसं काही नाही. असतं तरी तहाला ते लागू करणार कोण, हा प्रश्न उरतोच.

१९६८ च्या जानेवारीअखेर, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनाममधल्या कितीतरी शहरांवर एकदम हल्ले चढवले. दक्षिणेची राजधानी सायगॉन, तिथल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारातही ते शिरले. लष्करी हिशेबात तो हल्ला फसला, पण ‘आपण जिंकतोय’ असं रोज ऐकणाऱ्या अमेरिकी माणसाचा सरकारवरचा विश्वास उडाला. तेव्हा तिथे पाच लाख अमेरिकी सैनिक होते आणि त्या एका वर्षात त्यांच्यातले सोळा हजारांवर मेले.

३१ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टीव्हीवर आले. उत्तर व्हिएतनामच्या बहुतेक भागावरची बॉम्बफेक थांबवतो, बोलणी करू या, असं म्हणाले. आणि भाषणाच्या अगदी शेवटी त्यांनी सांगून टाकलं की आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही. तब्येत होती, पक्षातलं बंड होतं, कारणं बरीच होती. पण त्यांनी दिलेलं कारण असं की राष्ट्राध्यक्षपद या वर्षीच्या पक्षीय भांडणात ओढलं जाऊ नये. म्हणजे शांततेसाठी टाकलेलं पाऊल मतांसाठी टाकलं असं कोणी म्हणू नये, म्हणून हा माणूस स्वतःच रिंगणाबाहेर गेला. त्याचा काही उपयोग झाला नाही. ते बाहेर गेले, पण त्यांचे उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री त्यांच्या जागी उभे राहिले. आता तह झाला तर फायदा हम्फ्रींचा, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

बोलणी १३ मे रोजी सुरू झाली. त्याच दिवशी पॅरिसमध्ये विद्यार्थी आणि कामगारांचा प्रचंड मोर्चा होता आणि सगळा फ्रान्स संपावर होता. अशा शहरात अमेरिकेचे अ‍ॅव्हेरेल हॅरिमन आणि उत्तर व्हिएतनामचे शुआन थुई समोरासमोर बसले. पुढचे पाच महिने दोघंही तेच तेच बोलत राहिले. हॅनोई, म्हणजे उत्तरेचं सरकार, म्हणे, आधी सगळी बॉम्बफेक बिनशर्त थांबवा. वॉशिंग्टन म्हणे, बदल्यात काय देता ते सांगा.

इकडे निवडणूक भलत्याच वळणावर गेली होती. जूनमध्ये जॉन्सनच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या रॉबर्ट केनेडींचा खून झाला. ऑगस्टमध्ये पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात हम्फ्रींना उमेदवारी मिळाली, पण बाहेर पोलीस युद्धविरोधी पोरांची डोकी फोडत होते आणि ते सगळं टीव्हीवर दिसत होतं. सप्टेंबरअखेरच्या गॅलप जनमत चाचणीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रिचर्ड निक्सन पंधरा टक्क्यांनी पुढे होते. मग ३० सप्टेंबरला हम्फ्रींनी सॉल्ट लेक सिटीतून भाषण करून सांगितलं की शांततेसाठी बॉम्बफेक थांबवण्याचा धोका मी पत्करेन. त्या दिवसापासून अंतर कमी होऊ लागलं.

ऑक्टोबरात हॅनोई नरमलं. मॉस्कोनेही जोर लावला होता. निक्सन येण्यापेक्षा हम्फ्री बरे, असं रशियनांचं गणित होतं. दक्षिणेचं सायगॉन सरकार टेबलाशी बसलं तरी चालेल, असं हॅनोईने मान्य केलं. मोबदल्यात दक्षिणेतल्या कम्युनिस्टांची मुक्ती आघाडीही बसणार होती. २९ ऑक्टोबरला पहाटे अडीचच्या सुमाराला तिथल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल क्रेटन एब्रम्स व्हिएतनामहून थेट व्हाइट हाउसमध्ये पोचले. जॉन्सननी त्यांना विचारलं, बॉम्बफेक थांबवली तर तुमच्या माणसांचे जीव धोक्यात येतील का? जनरल नाही म्हणाले, थांबवा म्हणाले. आणि तेवढ्यात सायगॉनहून निरोप आला की दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थियू यांना अजून वेळ हवा आहे.

या थियूंकडे जरा नीट बघायला हवं, कारण सगळ्यात दुबळा पक्ष त्यांचा होता आणि निवडणुकीचं पंचांग सगळ्यात बारकाईने त्यांनीच वाचलं होतं. त्यांच्या घरचं राजकारणही होतंच. आदल्या वर्षी ते निवडून आले ते जेमतेम ३५ टक्के मतांवर. दुसरा आला तो चुऑंग दिन झू नावाचा वकील, जो शांततेची भाषा बोलत होता. त्या वकिलाला १९६८ च्या उन्हाळ्यात पाच वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. कम्युनिस्टांशी बोला असं म्हणणाऱ्याला ज्यांनी तुरुंगात धाडलं, त्यांनी चार महिन्यांत त्याच कम्युनिस्टांच्या समोर जाऊन बसायचं, हे थियूंना घरात परवडणारं नव्हतं. शिवाय जॉन्सन आता जाणार, मग जाणाऱ्याशी सौदा का करायचा?

आणि त्यांना तसाच सल्ला मिळतही होता. अ‍ॅना शेनॉल्ट या बाई, जन्माने चिनी, दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये लढलेल्या अमेरिकी सेनानीच्या विधवा, निक्सनसाठी निधी गोळा करत होत्या. त्यांचं सायगॉनचे वॉशिंग्टनमधले राजदूत बुई झिएम यांच्याकडे जाणंयेणं होतं. जुलैमध्ये न्यूयॉर्कला निक्सननी स्वतः या दोघांची भेट घेतली होती. ऑक्टोबरात बुई झिएमनी सायगॉनला कळवलं की बरेच रिपब्लिकन मित्र भेटताहेत, ठाम राहा म्हणताहेत. अमेरिकी हेरखातं ती तार वाचत होतं. २ नोव्हेंबरला बाईंनी फोन करून राजदूतांना आपल्या ‘बॉस’चा निरोप दिला: धरून राहा, आपण जिंकणार. एफबीआय, म्हणजे अमेरिकेची देशांतर्गत तपास यंत्रणा, तोही फोन ऐकत होती.

दरम्यान ३१ ऑक्टोबरच्या रात्री जॉन्सननी उत्तर व्हिएतनामवरची सगळी बॉम्बफेक थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. हम्फ्री निक्सनना जवळजवळ गाठत आले. आणि २ नोव्हेंबरला थियू आपल्या संसदेत उभे राहिले आणि म्हणाले, आम्ही पॅरिसला येणार नाही. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्याच रात्री जॉन्सननी सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना फोन केला. त्याचं ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येतं. हा देशद्रोह आहे, असं जॉन्सन म्हणतात. डर्कसन म्हणतात, मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी निक्सननी स्वतः फोन करून कानावर हात ठेवले.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो ४ नोव्हेंबरचा, मतदानाच्या आदल्या दिवसाचा निर्णय. एका वार्ताहराला या गोष्टीचा वास लागला होता आणि दुजोरा मागायला तो व्हाइट हाउसपर्यंत आला होता. जॉन्सननी परराष्ट्रमंत्री डीन रस्क आणि संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांना विचारलं, काय करायचं? दोघांचंही मत पडलं, गप्प बसा. क्लिफर्डचं म्हणणं होतं की हे उघड झालं आणि तरीही निक्सन निवडून आले, तर देशाचं नुकसान होईल. त्यात तथ्य होतं. पण अडचण आणखी होती. पुरावा कुठून आला, असं कोणी विचारलं तर मित्रराष्ट्राच्या वकिलातीचे फोन आम्ही चोरून ऐकतो, हे कबूल करावं लागणार होतं. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी असा आरोप केला तर ऐकणारा म्हणणार, हरायला लागले म्हणून काढलं! बॉम्बफेक थांबवण्यालाही लोक तेच म्हणाले होते. खरी गोष्ट करणंही लबाडी वाटावं आणि लबाडी उघड करणंही लबाडीच वाटावं, अशा जागी जॉन्सन येऊन अडकले होते. माझ्या मते गप्प बसणं चूक होतं. मतदाराला जे ठाऊक असायला हवं होतं ते त्याच्यापासून लपवलं गेलं. पण त्या खुर्चीत बसून निराळं काही सुचलं असतं का, हे छातीठोकपणे सांगणं अवघड आहे.

५ नोव्हेंबरला निक्सन जिंकले. ४३.४ टक्के विरुद्ध ४२.७. सात कोटींवर मतांमध्ये फरक सुमारे पाच लाखांचा.

शेनॉल्टबाईंनी सांगितलं नसतं तर थियू गेले असते का? इतिहासकारांचं यावर एकमत नाही. मला वाटतं, तेव्हाही ते रेंगाळलेच असते. त्यांना शिकवायला कोणी लागत नव्हतं. पण म्हणून निक्सन सुटत नाहीत. त्यांचे सहायक हाल्डमन यांनी २२ ऑक्टोबरला, निक्सनच्या सूचना लिहून घेताना केलेल्या टिपणात शेनॉल्टना कामाला लावून ठेवा असं लिहिलं आहे, आणि या बोलण्यांत खोडा घालायचा आणखी काही मार्ग आहे का, असंही. ते कागद २०१६ च्या अखेरीला प्रकाशात आले. निक्सन मात्र अखेरपर्यंत नाही म्हणत राहिले.

निवडणूक झाल्यावर थियूंची माणसं पॅरिसला गेली. मग टेबलाचा आकार कसा असावा, यावर जानेवारीपर्यंत वाद घातला. चौकोनी केलं तर मुक्ती आघाडी वेगळा, बरोबरीचा पक्ष ठरते, म्हणून सायगॉनला ते नको. अखेर एक मोठं गोल टेबल आणि समोरासमोरच्या दोन बाजूंना, ४५ सेंटिमीटर अंतर सोडून, कारकुनांसाठी दोन छोटी आयताकृती टेबलं, असं ठरलं. झेंडे नाहीत, नावाच्या पाट्या नाहीत. तोवर तिकडे माणसं मरतच होती. निक्सनच्या काळात आणखी वीस हजारांवर अमेरिकी सैनिक गेले. व्हिएतनामी माणसांची संख्या त्याच्या कितीतरी पट.

१९७२ मध्ये पुन्हा तोच ऑक्टोबर आला. २६ तारखेला निक्सनचे सल्लागार किसिंजर म्हणाले, शांतता हाताशी आली आहे. मतदान ७ नोव्हेंबरला होतं. थियू पुन्हा अडून बसले, कारण या मसुद्यात उत्तरेच्या फौजा दक्षिणेतच राहणार होत्या. निक्सन या खेपेला प्रचंड मतांनी जिंकले आणि आता त्यांना थियूंची गरज उरली नव्हती. जानेवारी १९७३ मध्ये त्यांनी थियूंना पत्र लिहिलं की करारावर सही करायचं माझं पक्कं ठरलं आहे, वेळ पडली तर मी एकटा करीन. थियूंनी मान्य केलं. उत्तरेच्या फौजा होत्या तिथेच राहिल्या आणि २७ जानेवारीला पॅरिसमध्ये सह्या झाल्या.

नमस्कार.